बाजूला कोण झोपतं?

झोपेत माणूस बुडू शकतो हे मला साठी उलटल्यावर कळलं. ना नदी, ना विहीर. उस्मानपुऱ्यातला दुसऱ्या मजल्यावरचा कोरडा फ्लॅट, वर पंखा, खाली गादी, आणि मी ताडकन उठून बसलेली. तोंड उघडं आहे, छाती वर-खाली होते आहे, पण हवा आत येत नाही. घशाला कोणी आतून गाठ मारून ठेवलेली असते. मग त्या गाठीतून एक लांब, चिरका आवाज निघतो आणि त्याच्यामागून कशीबशी हवा येते. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं घरात मांजर शिरलं. उठून पलंगाखाली बघितलंसुद्धा. तो आपलाच घसा होता हे लक्षात यायला आणखी दोन-चार रात्री जाव्या लागल्या.

श्वास आला की तोंडात आंबट-कडू चव असायची आणि डोळ्यांत पाणी. मी चूळ भरायची आणि दाराशी जाऊन कडी काढून ठेवायची. दार सागवानी आहे, सुताराच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं. माझ्यापायी ते कोणी फोडावं हे मला पटत नव्हतं. दूधवाला पहाटे पिशवी बाहेरच्या कोयंड्याला अडकवून जातो. पिशव्या साठत गेल्या की कोणाच्या तरी ध्यानात येईल, हाक मारतील, ढकलतील, तेव्हा दार सहज उघडावं, एवढी माझी व्यवस्था. पण कडी काढली की चोराची भीती वाटायची आणि लावली की मरणाची. कितीतरी रात्री मी पलंग ते दार आणि दार ते पलंग करण्यात घालवल्या.

खरं सांगायचं तर मरणाची भीती नव्हती. मरायचं सगळ्यांनाच आहे, त्यात माझं काय मोठं? मला भीती होती कोणाला न कळता मरण्याची. मी इकडे हवेसाठी तडफडतेय आणि भिंतीपलीकडे कोणीतरी कूस बदलून पुन्हा झोपतंय, हे चित्र मला सहन होत नसे. दिवसा मी स्वतःला दटावायची, की बाई, एवढी वर्षं वर्गात पोरांना धीट व्हा म्हणून सांगितलंत, आता घ्या. रात्री मात्र त्या दटावण्याचा काडीचा उपयोग व्हायचा नाही.

शेवटी दवाखान्यात गेले. डॉक्टर पोरगेलासा होता, नुकता शिकून आलेला असावा. त्याने पहिल्याच वाक्यात मला काकू केलं. मी भावाच्या मुलांची आत्या आहे, चितेगावच्या शाळेतल्या पोरांची बाई आहे, पण काकू मी कोणाचीच नाही.

"काकू, घोरता का तुम्ही?"

"मला काय माहीत? मी झोपलेली असते."

"नाही, म्हणजे काका काय म्हणतात?"

"काका नाहीत."

त्याचा चेहरा एकदम पडला. आवाज खाली आणून म्हणाला, "सॉरी. कधी गेले?"

"आलेच नव्हते."

बिचारा टेबलावरच्या पेनाशी खेळत बसला. मग त्याने नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. म्हणाला, यात दोन गोष्टी असू शकतात. एक तर पोटातलं आंबट वर घशात येतं आणि घसा आवळला जातो. नाही तर झोपेत श्वासच थांबतो, आणि जीव गुदमरला की माणूस दचकून उठतो. तुमचं ऐकून दोन्ही असावं असं वाटतं. आंबटासाठी गोळ्या देतो, रात्रीचं जेवण लवकर करा, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा. पण श्वास थांबतो की नाही हे झोपणाऱ्याला कळत नाही.

"मग कोणाला कळतं?"

"बाजूला कोण झोपतं त्याला. घोरणं मधेच बंद पडतं का, किती वेळ शांत राहता, मग काय होतं, हे कोणाला तरी एक-दोन रात्री जागून बघायला सांगा. त्यांना घेऊनच या. मग पुढची तपासणी ठरवू."

किती साधा प्रश्न होता, आणि मला तो चपराकीसारखा लागला. रिक्षात बसले तरी डोकं तणतणत होतं. डॉक्टरवर राग नव्हता, पण कोणावर तरी काढायचा म्हणून रिक्षावाल्यावर काढला. क्रांती चौकातून का आणलं म्हणून त्याला बोलले. दुसरा रस्ताच नव्हता. त्यानं उलट रिक्षा आणखी हळू चालवली, आणि मग तर मला आणखीच वाईट वाटलं. एवढं मोठं शहर, त्यात माझी सारी हयात गेली, आणि मला झोपलेलं पाहिलेला एक माणूस इथे मिळू नये. आईनं पाहिलं असेल. पण आई आता साक्षीला येणार नव्हती.

मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना मी निरनिराळी उत्तरं दिली आणि ती सगळी थोडी थोडी खरी होती. त्याचं मला कधी ओझं झालं नाही. स्वतःचं घर, स्वतःची नोकरी, कोणाला विचारून भाजी आणायची नाही. पण बाजूला कोणी झोपत नाही याचा असा हिशेब कधी द्यावा लागेल हे डोक्यात आलं नव्हतं.

सुरुवातीला मोबाइलवर भिस्त ठेवली. पुस्तकांच्या आधारानं तो उशाशी उभा केला, चित्रण सुरू केलं आणि आडवी झाले. सकाळी बघते तर अंधार आणि पंख्याची घरघर, आणि थोड्याच वेळात मोबाइलमध्ये जागा संपली म्हणून तेही बंद. दुसऱ्या रात्री दिवा लावून झोपायला गेले तर झोपच आली नाही. मोबाइलच्या त्या काळ्या डोळ्याकडे बघत पडून राहिले. मग उठून त्याच्यावर रुमाल टाकला.

आता, माणूस मागायचं तर आमच्याकडे त्यासाठी एक रीत आहे. तिला सोबत म्हणतात. घरचा पुरुष परगावी गेला, घरात मयत झाली, बाळंतीण एकटी पडली, की बाईनं रात्री एकटीनं झोपायचं नाही. नात्यातली, शेजारपाजारची कोणीतरी सोबतीला पाठवायची. आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात पाठवायला सोयीची म्हणून एकच बाई होती, ती म्हणजे मी. "तिला पाठवा की, तिला कुठं संसार हाय." मामा बियाणं आणायला गेले की मामीकडे मी. मावशीचं ऑपरेशन झालं, मावशीकडे मी. चुलते गेले तेव्हा चुलतीजवळ तर मी महिनोन्महिने झोपले. दिवसभर चितेगावला शाळा, संध्याकाळी पैठण रोडवरून जीपमध्ये कोंबून घरी, दोन घास खाऊन, पांघरूण काखेत मारून जिथं सांगतील तिथं.

सोबतीला जाणं म्हणजे पाहुणी म्हणून जाणं नव्हे. जेवून जायचं, तिच्या घरचं काही मागायचं नाही. पांघरूण आपलं न्यायचं. तिनं भिंतीकडे झोपायचं आणि आपण दाराच्या बाजूला. ती रडली तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं, पण पाणी मागायच्या आत तांब्या पुढे करायचा. आणि सकाळी तिचं चहाचं आधण चढायच्या आत आपली घडी करून निघायचं. म्हणायला सोबतीला झोपायला गेली असं म्हणतात, पण सोबतीनं झोपायचं नसतं. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसऱ्याच्या घरात कोणी नुसती कूस बदलली तरी माझे डोळे उघडत.

म्हणून मी ताठ मानेनं भावजयीला फोन लावला. भाऊ-भावजय शहागंजमध्ये राहतात, कपड्याच्या दुकानाच्या वरच. तिच्या दोन्ही बाळंतपणांत मी रात्री काढल्या आहेत. तिला काय होतंय ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं आणि म्हटलं, "एक-दोन रात्री सोबतीला येशील का?"

ती म्हणाली, "आक्का, मी आले असते हो. पण लेकरांच्या परीक्षा तोंडावर हायत, ह्यांना रातच्याला गोळ्या द्याव्या लागतात. तुम्हीच इकडं या म्हणलं असतं, तर हॉलमध्ये पोरं अभ्यासाला बसत्यात रातभर. त्यापरीस एखादी बाई लावा ना रातीची. लई भेटतात आजकाल."

"व्हय, लावते," म्हणाले आणि फोन ठेवला.

ती खोटं बोलत नव्हती. परीक्षा होत्या, गोळ्या होत्या. तरी मला इतका राग आला की मी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. रातीची बाई! म्हणजे जे मी उभ्या हयातीत केलं ते आता बाजारात मिळतं, आणि मला ते तिथूनच आणावं लागणार. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि जेवले नाही हे कोणाच्या लक्षात येणार नाही याचंही मला रडू आलं.

त्याच आठवड्यात एका रात्री गाठ जरा जास्तच घट्ट बसली. हवा आली तेव्हा मी दाराबाहेर जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. समोरचं दार उघडलं आणि आपा बाहेर डोकावली.

आमच्या जिन्यावर दारासमोर दार आहे. समोर आपा आणि तिचा नवरा राहतात. तो चितेगावलाच एका कंपनीत आहे. माझी शाळा त्याच रस्त्यावर होती, पण आपाचं-माझं नातं पाण्याच्या मोटरवरून भांडण्याचं. ती मोटर लावून विसरते, वरची टाकी वाहते, मी ओरडते. ती म्हणते, "बाई, तुम तो सातवी का पोरगा समझके डाँटते मेरेकू." त्यापलीकडे आम्ही एकमेकींच्या घरात दोनदासुद्धा बसलो नसू.

"बाई? क्या हुआ? किसकू ढूंढ रए?"

"हवा," मी म्हणाले. घोगऱ्या आवाजात ते तिला विनोदी वाटलं असावं, कारण ती हसली आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. तिनं मला तिथंच पायरीवर बसवलं, पाणी आणलं, आणि मी जे भावजयीला ताठ मानेनं सांगितलं होतं ते हिला मान खाली घालून सांगितलं. शेवटी म्हणाले, "आपा, एक रात्र माझ्या सोबतीला येशील?"

हा शब्द मी आयुष्यात स्वतःसाठी दोनदाच वापरला, आणि दोन्ही वेळा एकाच आठवड्यात.

"आती ना," ती म्हणाली. "ये तो नाइट पे हैं पूरा हफ्ता. मेरेकू भी अकेले में नींद नई आती. पहलेच बोलना था ना बाई. मैं समझी तुम्हारे घर में बिल्ली है."

दुसऱ्या दिवशी रात्री ती आली. जेवून आली, हातात स्वतःची उशी आणि चादर. रीत तिला कोणी सांगितली नव्हती, तिच्या माहेरीही असंच करतात म्हणाली. मी तिला सगळं समजावलं. घोरणं थांबलं तर बघायचं, किती वेळ थांबलं ते बघायचं, घाबरायचं नाही. ती पलंगावर भिंतीकडच्या बाजूला टेकून बसली, तसबीह, म्हणजे तिची जपमाळ, हातात घेतली आणि म्हणाली, "तुम सोओ. मैं हूँ."

मी डोळे मिटले. थोड्या वेळानं मला घोरणं ऐकू आलं, आणि ते माझं नव्हतं.

मला आधी हसू आलं. मग बघत राहिले. तसबीह तिच्या बोटांतून सुटून चादरीवर पडली होती, ती उचलून टेबलावर ठेवली. तिच्या पायांवर पांघरूण घातलं. पंख्याचा वारा थेट तोंडावर येत होता, तो कमी केला. तिनं कूस बदलली की माझे डोळे उघडत. मधे ती झोपेत खोकली तर मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी. पहाट झाली, दूधवाल्याची पावलं वाजली, आणि माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता.

नमाजासाठी ती जागी झाली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला, मेरी तो आँखच लग गई. तुम सोए क्या?"

"छान झोपले," मी म्हणाले.

तिनं माझे डोळे पाहिले. मग पलंगाकडे पाहिलं. मी दाराच्या बाजूच्या कडेला होते, पाय जमिनीला टेकतील असे, आणि माझी उशी तशीच्या तशी, एक सुरकुती नव्हती तिच्यावर. मी तिला भिंतीकडची जागा दिली होती आणि स्वतः सोबतीच्या जागी झोपले होते. चाळीस वर्षांच्या सवयीनं मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

"बाई, चौकीदारी के जगह पे कौन सोया?" ती म्हणाली. "सोबत कू मैं आई ना? आज रात कू तुम उधर, भिंत की तरफ. और मैं चाय पीके आती, भरपूर. चुपचाप सोना."

इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या स्पष्टपणे रागावलं नव्हतं. मी उठून माझी उशी भिंतीकडे सरकवली.

त्या दुसऱ्या रात्रीचं मला फार थोडं आठवतं. भिंत पाठीला गार लागत होती. आपा दाराच्या बाजूला मांडी घालून बसली होती, दिवा बारीक होता, आणि तिच्या पलीकडे दाराची कडी लावलेली दिसत होती. मला अवघडल्यासारखं झालं होतं. दुसऱ्याची जागा बळकावल्यासारखं वाटत होतं. मग कधीतरी पाठीवर एक हात, मला उठवून बसवणारा, आणि तो हात तिथंच असताना पुन्हा आडवी झाल्याचं अंधूक आठवतं. उजाडलं तेव्हा खिडकीत ऊन होतं. दूधवाला येऊन गेलेलंही मला कळलं नाही.

"काय झालं रात्री?" मी विचारलं.

आपाचे डोळे लाल झाले होते. "डॉक्टर कू बोलती मैं. तुमकू बोली तो तुम मेरी गलतियाँ निकालते बैठेंगे."

रिक्षातही तिनं सांगितलं नाही. बुरख्याची टोकं सावरत बाहेर बघत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, काहीतरी वाईट आहे. माझा श्वास फारच वेळ थांबत असणार.

डॉक्टरनं तिला बघितलं आणि कागदावर लिहिता लिहिता मला विचारलं, "ह्या कोण तुमच्या?"

मी 'शेजारीण' म्हणणार होते, पण तो शब्द मला अपुरा वाटला, आणि दुसरा माझ्याजवळ नव्हता.

"बाजू में सोई थी मैं," आपा म्हणाली. "मतलब, बैठी थी."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. आधी घोरते, मग आवाज बंद. पंख्याचाच आवाज उरतो. छाती हलते पण नाकासमोर हात धरला तर काही लागत नाही. आपण मनात कलमा पढावा इतका वेळ. मग अंग झटका खातं, घशातून आवाज येतो, आणि श्वास परत. असं रात्रभर. फक्त एकदाच मी पूर्ण जागी होऊन उठले, तेव्हा तिनं माझी पाठ चोळली. बाकीच्या वेळा मला स्वतःला कळलंसुद्धा नाही. डॉक्टर मान हलवत लिहीत होता. म्हणाला, हेच हवं होतं, आता यंत्र लावून रात्रीची तपासणी करू, यावर नाकाला लावायचा मास्क मिळतो, घाबरण्यासारखं नाही. मी मास्क कसा दिसतो, किती वर्षं लावायचा, असं विचारत होते. मला ऐकवत होतं, आणि नव्हतंही. माझ्याच झोपेबद्दल कोणी बोलत होतं आणि ती मला पूर्ण परकी होती, दुसऱ्या कोणाच्या तरी घरातली.

"और एक बात है डॉक्टर साब," आपा म्हणाली. "वो लिखना है की नई मालूम नई."

"बोला ना."

"साँस वापस आती ना, तो ये आँख बंद रखकेच बात करते. हर बार. एकच बात." आणि मग आपानं, जिच्या मराठीला मी जिन्यात उभी राहून हसत आले, एकही चूक न करता ते वाक्य म्हणून दाखवलं. "जागीच आहे मी. झोपा तुम्ही."

डॉक्टरनं पेन थांबवलं. "कोणाला म्हणतात?"

"क्या मालूम. कोई दिख्या नई मेरेकू."

"मग तुम्ही काय केलं?"

"क्या करती साब. मैं हर बार बोली, हौ, सोती मैं. झूठ बोली. मैं तो बैठीच थी."

मी त्या पोरगेल्या डॉक्टरसमोर, दवाखान्याच्या खुर्चीत, मोठ्यानं रडले.